हातात काय आहे, ते बघा!

३१ मे आला की जळगाव-धुळ्यात अहिल्याबाई होळकरांच्या तसबिरीला हार चढतात. डोक्यावर पदर, अंगावर पांढरं लुगडं, तळहातावर महादेवाची पिंड. ‘किती देवभोळ्या होत्या!’ म्हणत आपण हात जोडतो नि पुढं जातो. पण मैत्रिणींनो, ती पिंड नुसती भक्ती सांगत नाही.

तसबिरीतल्या वस्तूंची एक भाषा असते. १७ व्या शतकात युरोपात ती फार रुळली होती. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागद दाबून चित्र छापायचं. अशी थोरामोठ्यांची चित्रं दूरदूर जात. चेहऱ्याभोवती ग्रीक-रोमन पुराणांतल्या खुणा असत. लॉरेलच्या पानांचा मुकुट म्हणजे विजय, नाहीतर कवीचा मान. भक्कम खांब म्हणजे धैर्य. कर्णा फुंकणारी पंखवाली स्त्री म्हणजे कीर्ती. शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा ही विद्येची देवी, आणि घुबड तिचं! आपल्याकडं घुबड अशुभ, तिकडं मात्र शहाणपणाची खूण.

बायकांच्या गुणांसाठी खुणा निवडायचे ते बहुतेक पुरुषच. पण हॉलंडच्या आना मारिया फान स्खुर्मान (१६०७-१६७८) या विदुषीनं स्वतःचा चेहरा स्वतःच तांब्यावर कोरला. १६३६ साली उत्रेख्तच्या विद्यापीठात तिला व्याख्यानं ऐकायला मिळाली, तीही आडोशाला बसून. चित्रात मात्र ती समोर आहे, थेट आपल्याकडं बघते आहे.

आता पुन्हा पिंडीकडं वळू. सातपुड्यापलीकडच्या महेश्वरातून अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ एवढा काळ राज्य केलं. हा कारभार त्यांनी शंकराच्या नावानं चालवला. म्हणजे राजाच्या हाती राजदंड, तशी त्यांच्या हाती पिंड! आपण तिच्यात देवपूजा तेवढी पाहतो आणि राज्यकर्ती विसरतो.

आपल्या बहिणाबाईंचंच बघा ना. असोद्याच्या या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात-शेतात राबता राबता त्यांनी गाणी रचली. त्यांच्या चित्रात जातं काढलं, तर बघणारा म्हणेल, ‘बिचारी कष्टाळू बाई.’ खरं तर ते जातं म्हणजे कवीचा मुकुटच.

तेव्हा शाळेच्या कार्यक्रमासाठी लेक एखाद्या कर्तबगार बाईचं चित्र काढायला बसली, की तिला एवढंच विचारा, ‘हातात काय देणार? आणि का?’