आधी प्रत, मग बूट

युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. पण या प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी ही अमेरिकी टेलिफोन कंपनी. आणि तिला १९५६च्या न्यायालयीन तडजोडीनं संगणकाच्या धंद्यात उतरायला मज्जाव केला होता. १ जानेवारी १९८४ला कंपनीचं विभाजन झालं, बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी टेबलावर मावणारा युनिक्स पीसी बाजारात आला. मॉडेल ७३००. मोठी हार्ड डिस्क बसावी म्हणून झाकण उंच केलेला त्याचा भाऊ ३बी१. दोन्हींची बांधणी कॅलिफोर्नियातल्या कन्व्हर्जंट टेक्नॉलॉजीजची.

धंदा म्हणून तो फसला. महाग होता आणि डॉसचे प्रोग्रॅम चालवायचे तर वेगळं कार्ड घ्यावं लागे. उरलेली यंत्रं स्वस्तात निघाली, तेव्हा घरी युनिक्स हवं असलेल्यांनी ती उचलली आणि आतल्या मोडेमवरून यूयूसीपी या युनिक्सच्याच सोयीनं एकमेकांची टपाल-वाहतूक सुरू केली. आज हीच यंत्रं दुरुस्त करून चालवणारी हौशी मंडळी आहेत, आणि त्यांचं प्रेम नुसत्या जुनेपणावर नाही.

आतला मोटोरोला ६८०१० पाहा. वेग अवघा १० मेगाहर्ट्झ. त्याच्या आधीचा ६८००० एखादी सूचना पार पाडताना मेमरीतलं हवं ते पान सापडलं नाही, की अडकून पडे. ती सूचना अर्ध्यावरून पुन्हा धरता येत नसे. ६८०१०ला ते जमतं. म्हणून मूळच्या ५१२ किलोबाइट मेमरीतही पानं डिस्कवर ठेवून, लागतील तशी आत आणून, मेमरीत न मावणारे प्रोग्रॅम चालवता येतात. त्या काळातल्या बहुतेक घरगुती संगणकांना व्हर्च्युअल मेमरी माहीतच नव्हती. ही करामत काचेच्या कपाटात ठेवलेल्या यंत्रात दिसत नाही. ते चालू असावं लागतं.

चालू करण्यापूर्वीचं काम मात्र संयमाचं. पॉवर सप्लाय सुटा करून मल्टिमीटरनं व्होल्टेज तपासायचे, सुकलेले कपॅसिटर बदलायचे, बोर्डावर बॅटरी गळली असेल तर तो डाग खरवडून साफ करायचा. पिक्चर ट्यूबमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते, तिथे घाई जिवावर बेतते.

खरी भीती हार्ड डिस्कची. चाळीस वर्षांनी तिचं हेड तबकडीला चिकटून बसलेलं असतं किंवा मोटर उठत नाही. चालती बदली डिस्क मिळणं अवघड. म्हणून जाणकारांचा शिरस्ता असा, की डिस्क फिरली तर त्या फिरण्यातच तिच्यावरचं सगळं वाचून घ्यायचं. बूट करून पाहण्याचा मोह नंतर. डेव्हिड गेसवाइन यांनी बनवलेलं एमएफएम एम्युलेटर बोर्ड हे वाचनही करतं आणि पुढे डिस्कची जागाही घेतं. त्याला जोडलेल्या बीगलबोन या छोट्या संगणकात ५१२ मेगाबाइट मेमरी असते, म्हणजे मूळच्या युनिक्स पीसीच्या हजारपट, आणि चालतं लिनक्स. वंशातलं धाकटं नातवंड आजोबांची डिस्क सांभाळतं, हे दृश्य मनापासून सुखावतं.

प्रत हाती नसेल तर युनिक्स बसवणाऱ्या ‘फाउंडेशन सेट’च्या फ्लॉप्या एकामागून एक चढवायच्या. हाताशी यंत्रच नसेल त्यानं फ्रीबी हे एम्युलेटर वापरावं. त्यावर चुकांची भीती न बाळगता सराव होतो.

मग लॉगिन. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकातून शेल प्रोग्रॅमिंग शिकलेल्या कुणालाही इथे परकं वाटणार नाही: एलएस, ग्रेप, व्हीआय, सगळे ओळखीचे. माउसला तीन बटणं, पडद्यावर खिडक्या, आणि खाली तेच युनिक्स, सिस्टिम व्ही.

एक सवय मात्र नव्यानं अंगी बाणवावी लागते. काम झालं म्हणून थेट स्विच बंद करायचा नाही. डॉसच्या मशिनवर ते बहुधा खपून जाई; युनिक्स मात्र लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत राखून ठेवतं. आधी शटडाउन, साठलेलं डिस्कवर उतरू द्यायचं, मगच स्विच. वीज अचानक गेली, तर पुढच्या बूटला एफएससीके हे तपासनीस साधन फाइलींच्या नोंदी, म्हणजे आयनोड, एकेक करून तपासत बसतं, आणि मालकानं त्याचे प्रश्न नीट वाचून उत्तरं द्यावी लागतात.