बर्फावरची इर्जिक

१४ फेब्रुवारी २००६. तुरिन हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांची सांघिक स्प्रिंट शर्यत ऐन रंगात आली होती. कॅनडाची सारा रेनर आघाडीच्या घोळक्यात होती आणि अचानक तिची एक काठी मोडली. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये चढावर शरीर पुढे रेटायला काठ्यांचा मोठा आधार असतो. एकामागून एक स्पर्धक तिला मागे टाकू लागल्या. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका माणसाने आपल्याजवळची काठी तिच्या हाती दिली. ती जरा लांब होती, पण तिने काम भागले. रेनर आणि तिची जोडीदार बेकी स्कॉट यांना रौप्यपदक मिळाले. काठी देणारा माणूस होता ब्यॉर्नार होकन्समूएन, नॉर्वेच्या संघाचा प्रशिक्षक. नॉर्वे त्या शर्यतीत चौथा आला. कॅनडाच्या लोकांनी कृतज्ञतेने त्याला मेपलच्या पाकाचे हजारो डबे पाठवले.

पदक हुकण्याची शक्यता असताना प्रतिस्पर्ध्याला काठी देणारा हा देश पदकांच्या बाबतीत मात्र मुळीच मागे नाही. त्याची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. आपल्या नाशिक जिल्ह्यातही याहून अधिक माणसे राहतात. या देशाने २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके जिंकली, त्यांत १४ सुवर्ण. २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्णपदके १६ झाली. हे यश कुठून येते?

बर्फ हे पहिले उत्तर, आणि ते खरेही आहे. ‘स्की’ हा शब्दच तिथल्या जुन्या भाषेतला. त्याचा अर्थ फाळलेले लाकूड. एकोणिसाव्या शतकात टेलेमार्क प्रांतातल्या सोन्द्रे नूरहाइमने टाच पक्की धरणारी बांधणी रूढ केली आणि आधुनिक स्कीइंगला वळण दिले. पण बर्फ १९८८ मध्येही होताच. त्या वर्षी कॅलगरीत नॉर्वेला एकूण पाच पदके मिळाली आणि सुवर्ण एकही नाही. स्कीच्या माहेरघराला हा घाव जिव्हारी लागला.

या अपयशाच्या आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी एक नियमावली स्वीकारली होती. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत निकालाची क्रमवारी लावायची नाही. बारा वर्षांपर्यंत बक्षीस द्यायचेच असेल तर ते प्रत्येक मुलाला द्यायचे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा त्या वयानंतरच. किती सराव करायचा, कोणता खेळ खेळायचा, यात मुलाचे मत विचारात घ्यायचे. कॅलगरीनंतर ही नियमावली गुंडाळून ठेवणे आणि सहाव्या वर्षापासून चुणचुणीत मुले वेचायला घेणे सोपे होते. नॉर्वेने ते केले नाही. उलट २००७ मध्ये ते नियम सुधारून पुन्हा पक्के केले.

यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. दहाव्या वर्षी पहिला येणारा मुलगा बहुधा वाढीत पुढे असतो. त्यावरून तो विसाव्या वर्षी काय करील हे कळत नाही. चाळणी लवकर लावली तर उशिरा फुलणारी मुले मैदानाबाहेर जातात. ती लावलीच नाही तर पुष्कळ मुले खेळत राहतात, आणि त्या गर्दीतूनच पुढे क्रॉस-कंट्रीतली एखादी मारित ब्यॉर्गेन येते. नियमावली आली तेव्हा ती सात वर्षांची होती. २००२ ते २०१८ या पाच ऑलिंपिकमध्ये तिने १५ पदके मिळवली. प्योंगचांगला एकविसाव्या वर्षी तीन सुवर्णपदके जिंकणारा तिच्याच खेळातला योहानेस क्लेबो तर याच नियमांच्या छायेत जन्मला.

या गर्दीला सांभाळते ती ‘डुगनाड’ नावाची रीत. आपल्याकडे शेताच्या कामाला सारे गाव एकत्र येई ती इर्जिक. ‘डुगनाड’ म्हणजे जवळपास तेच. क्लबमध्ये मुलांना शिकवणारे, शर्यतीच्या वाटा आखणारे, वाफाळत्या खाण्याचे स्टॉल लावणारे हात बहुतांशी आईवडिलांचे, आणि तेही बिनपगारी. निसर्गात मुक्त फिरण्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने सर्वांना दिला आहे. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून जंगलातल्या कितीतरी स्कीवाटांवर दिवे असतात. शाळा सुटल्यावर मुले तिथे जातात.

निवड होते ती नंतर, आणि तेव्हा मात्र शिस्तीत कसूर नसते. कॅलगरीच्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘ऑलिंपियाटॉपेन’ या संस्थेने निरनिराळ्या खेळांचे प्रशिक्षक आणि शरीरशास्त्रज्ञ एकत्र आणले. एका खेळात कळलेले दुसऱ्याला सांगायचे, ही तिथली पद्धत. १९९४ मध्ये घरच्या लिलेहामरला २६ पदके आली, त्यांत १० सुवर्ण. स्पीड स्केटिंगमध्ये तीन विश्वविक्रमांसह तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या योहान ओलाव कोसने एका पदकाची बक्षीसरक्कम युद्धग्रस्तांच्या मदतीला दिली.

पण हा देश देवमाणसांचा नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमला, घरच्याच जागतिक स्पर्धेत, नॉर्वेच्या स्की जम्पिंग संघातील लोकांनी खेळाडूंच्या पोशाखात नियमबाह्य शिलाई केल्याचे चित्रफितीतून उघड झाले. हवा पोशाखात अधिक धरली जावी आणि उडी लांबावी, एवढ्यासाठी. मुख्य प्रशिक्षकाने गैरप्रकार कबूल केला. संघातल्या मारियुस लिंदविकचे रौप्यपदक गेले. नॉर्वेतच संताप आणि लाज दाटून आली.

तुरिनची काठी आणि ट्रॉन्डहाइमचा टाका, दोन्ही एकाच देशाचे. काठी देणाऱ्याला खेळ सर्वांचा वाटत होता. टाका घालणाऱ्यांना फक्त पदक दिसत होते. म्हणून १९८७ ची ती नियमावली मला पदकांच्या हिशेबापलीकडची वाटते. खेळ आधी आनंदाचा आणि सगळ्यांचा, हे मुलाच्या मनात बाराव्या वर्षापर्यंत रुजवायचे, आणि पुढे मोठ्यांनी ते विसरायचे नाही. यातले पहिले काम नॉर्वेला चांगले साधले आहे. दुसरे दर हिवाळ्यात नव्याने करावे लागते.