पडवीतला रुग्ण

मुसलमानांना कुत्रा चालत नाही, हे वाक्य आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यामुळे आमच्या दारात कुत्रा होता, तो आजारी पडला आणि त्याच्यासाठी घरात दुआ मागितली गेली, असे मी सांगितले की हिंदू मित्रांना नवल वाटते आणि आमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठी पडते. दोघांचाही प्रश्न एकच असतो. हे धर्मात बसते का? आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

आमचे घर चिपळूणजवळच्या एका खेड्यात. पुढे खळे, मागे काजूची झाडे. रात्री बिबट्याची चाहूल लागते म्हणून राखणीला मोती होता. दहा वर्षे तो पडवीत झोपला. २०२२ च्या पावसाळ्यात त्याने अन्नावरची वासना टाकली. अंग तापले, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि एके सकाळी नाकातून रक्त आले. तालुक्याच्या पशुवैद्य डॉक्टरांनी रक्त तपासून गोचीड ताप असल्याचे सांगितले.

हा आजार समजून घेण्यासारखा आहे. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून सूक्ष्म जंतू कुत्र्याच्या रक्तात जातात आणि पांढऱ्या पेशींत वाढतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी झपाट्याने कमी होतात, म्हणून नाकातून रक्त येते. आजार जुना झाला की पेशी तयार करणारी अस्थिमज्जाच थकते. लवकर कळले तर डॉक्सिसायक्लीन नावाच्या गोळीने बहुतेक कुत्री बरी होतात. ही गोळी साधारण २८ दिवस चालते. उपाशीपोटी दिली तर उलटी होते आणि गोळीमागून पाणी पाजले नाही तर ती घशात अडकून जखम करते. ताप आला म्हणून आपल्या घरातली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषासारखी बाधू शकते, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले.

म्हणजे दिवसातून दोनदा त्याचा जबडा उघडून गोळी घालायची, पिचकारीने पाणी सोडायचे, उलटी पुसायची, अंगाखालची गोणपाटे बदलायची. या सगळ्यात हाताला कुत्र्याची लाळ लागणारच. आमच्या घरातला खरा पेच इथे होता.

कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. कुत्र्याच्या बाबतीत शाफईंचा नियम सर्वांत कडक. कुत्र्याची लाळ किंवा ओले अंग जिथे लागेल ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी. ते लाळ नापाक मानतात, पण तीन वेळा धुतले तरी त्यांना पुरते. मोरोक्कोपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत मालिकी पंथाचे लोक आहेत. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा मुळात नापाक नाहीच. एकाच धर्मातली ही तीन मते हजार वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत आहेत. शेतीच्या, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळायला परवानगी आहे, याबद्दल मात्र वाद नाही.

आता नियमाचे शब्द नीट पाहा. हात धुवा, असे तो सांगतो. हात लावू नका, असे तो सांगत नाही. कुत्र्याला हात लागल्याने वजूसुद्धा तुटत नाही. लागलेली जागा तेवढी स्वच्छ करायची. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर तेही लागत नाही. पाकी-नापाकीचा संबंध नमाजाच्या तयारीशी आहे. एखाद्या जिवाला दयेचा हक्क आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

ऐंशी वर्षांच्या माझ्या आईने हे एका वाक्यात सांगितले. ती पाच वेळची नमाजी. ती म्हणाली, "हात धुवायला पाणी कमी पडणार नाही, त्याला पाजायला कमी पडू देऊ नको." दुसऱ्या दिवशी विहिरीच्या कठड्यावर जांभ्याच्या तांबड्या मातीने भरलेली एक करवंटी दिसली. ती तिनेच ठेवली होती. पुढचे सतरा दिवस आम्ही तिथे हात धुतले, सात वेळा मोजून.

राहिली दुआ. नमाज आणि दुआ यांत पुष्कळांची गल्लत होते. नमाजाला वेळ आहे, दिशा आहे, अरबी शब्द ठरलेले आहेत. दुआला यांतले काहीच लागत नाही. ती वजूशिवाय करता येते, रुग्णाच्या उशाशी बसून करता येते आणि कोणत्याही भाषेत करता येते. मी कविता मराठीत लिहितो, दुआही मराठीतच मागतो.

ती कुत्र्यासाठी मागावी का? कुरआनाच्या अठराव्या सूरेत गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे. ईश्वराच्या श्रद्धेपायी त्यांनी गाव सोडले आणि गुहेत तीनशेहून अधिक वर्षे त्यांना झोप लागली. त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून उंबऱ्याशी होता. ते तरुण किती होते, तीन की पाच की सात, यावर लोक वाद घालतील, असे तिथेच म्हटले आहे, आणि प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे. हदीसमध्ये तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून बुटात पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट येते. त्या एका कृत्याने त्याचे गुन्हे माफ झाले. मांजरीला बांधून उपाशी मारणारी बाई मात्र शिक्षेला पात्र ठरली.

मराठी शाळेत शिकल्यामुळे मला या गोष्टी कधी परक्या वाटल्या नाहीत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजणारे एकनाथ मला त्याच वयात भेटले होते.

पहिले काही दिवस माझी दुआ सरळ होती. याला बरा कर. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी अस्थिमज्जा साथ देत नसल्याचे सांगितले, तेव्हा दुआ बदलली. याला फार त्रास होऊ देऊ नकोस. सतराव्या दिवशी पहाटेच्या अजानच्या सुमारास मोती गेला. जनाजाची नमाज माणसासाठी असते. आम्ही त्याला काजूखाली खोल खड्ड्यात पुरले.

मुलीने विचारले, दुआ वाया गेली का? आमच्याकडे शिकवतात की कोणतीही दुआ वाया जात नाही. कधी मागितलेले मिळते, कधी त्याबदली एखादे संकट टळते, कधी ती परलोकासाठी साठवली जाते. मी तिला हे सांगितले. तिला ते पुरले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही पुरले नाही.

मी सांगू शकतो ते एवढेच, की त्या सतरा दिवसांत घरात कोणी आपली पाळी चुकवली नाही. रात्री दोन वाजता पडवीत कण्हणे ऐकू आले की उठायचा कंटाळा यायचा. पण थोड्याच वेळापूर्वी आपण त्याच्यासाठी रहम मागितलेली असते. ती मागून झाल्यावर कूस बदलून झोपणे जमत नाही. माझ्यापुरता दुआचा अर्थ मला तिथे कळला. मोत्याचा आजार तिने हटवला नाही, पण आम्हाला त्याच्यापाशी नेऊन बसवले.

ज्यांच्या दारात कुत्रा आहे त्यांनी आज संध्याकाळी त्याचे कान उलटून पाहावेत, पंजाच्या बेचक्या पाहाव्यात. गोचीड तिथेच लपते. ती बोटांनी चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. मग हात धुवावेत, आपापल्या रीतीने. दुआ त्यानंतरही मागता येते.