इक्वलायझर लावला की गाण्याचा आवाज का फाटतो?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा त्याला माइक लागत नाही. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यातून निघणारा आवाज नाचणाऱ्यांच्या अख्ख्या फेऱ्याला पुरतो. आता हाच तारपा मोबाइलवर रेकॉर्ड होतो आणि लॅपटॉपवरून वाजवला जातो. आवाज जरा भारदस्त व्हावा म्हणून प्लेअरमधल्या इक्वलायझरचे दोन-चार दांडे वर केले, की बरेचदा उलटेच घडते. सूर खरखरतो आणि ढोलाचा ठोका फुटल्यासारखा येतो. मग दोष रेकॉर्डिंगला नाहीतर स्पीकरला दिला जातो. प्रत्यक्षात गोंधळ बहुतेकदा साध्या गुणाकारात असतो.

इक्वलायझर नेमके काय करतो?

आवाजात खालचे, मधले आणि वरचे असे अनेक स्वर एकत्र असतात. इक्वलायझर त्यांचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा वेगळा वाढवू किंवा कमी करू देतो. ६० हर्ट्झच्या आसपासचा दांडा वर केला की ढोलाची घुमी वाढते. ३,००० हर्ट्झजवळचा वर केला की सूर टोकदार, स्पष्ट वाटतो.

दांड्यांवरचे आकडे डेसिबलमध्ये असतात आणि ते फसवे आहेत. ६ डेसिबल वाढवणे म्हणजे ध्वनिलहरीची उंची जवळजवळ दुप्पट करणे. १२ डेसिबल म्हणजे चौपट. दांडा बोटभर सरकतो, पण लहर कुठल्या कुठे जाते.

आवाज फाटतो कुठे?

कॉम्प्युटरसाठी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामध्येच बसावा लागतो. त्यापलीकडे जागा नाही.

समजा, एका क्षणी आकडा २०,००० आहे. ६ डेसिबल वाढवल्यावर तो ४०,००० च्या घरात जायला हवा. ते शक्य नसते, म्हणून तो ३२,७६७ वरच अडकतो. त्यानंतरचे आकडेही तिथेच अडकतात. गोलसर लहरीचा माथा छाटला जाऊन सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. सपाट झालेल्या माथ्यामुळे मूळ आवाजात नसलेले नवे स्वर तयार होतात आणि कानाला तीच खरखर ऐकू येते.

बाजारात येणारी बरीचशी गाणी आधीच या मर्यादेच्या अगदी जवळ नेऊन ठेवलेली असतात. भांडे काठोकाठ भरलेले असताना त्यात आणखी एक तांब्या ओतला तर सांडणारच.

तारप्यात हे लगेच का ऐकू येते?

ढोलाचा ठोका क्षणात संपतो, त्यामुळे तेवढ्यापुरती खरखर निसटून जाऊ शकते. तारपा मात्र अखंड वाजतो. तारपकरी नाकाने श्वास घेत असतानाच तोंडातली हवा वाद्यात सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. अशा सलग सुरात मिसळलेली खरखरही सलगच ऐकू येते.

दुसरे कारण कमी लक्षात येते. फक्त बेस वाढवला तरी तारपा बिघडतो. ढोलाची वाढवलेली लहर मर्यादेला टेकते तेव्हा त्याच क्षणी तिच्यावर स्वार असलेला तारप्याचा सूरही छाटला जातो. म्हणून दर ठोक्याला सूर खरवडल्यासारखा वाटतो. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून ६० हर्ट्झचा आवाज धड निघतही नाही. म्हणजे जे ऐकूच येत नाही ते वाढवण्यासाठी जे ऐकू येते ते बिघडवले जाते.

दोष कुठे आहे, ते कसे ओळखावे?

पहिली चाचणी: इक्वलायझर पूर्ण बंद करून तोच भाग पुन्हा ऐका. खरखर गेली तर कारण सापडले. राहिली तर रेकॉर्डिंग करतानाच आवाज फाटलेला असू शकतो, आणि तो इक्वलायझरने दुरुस्त होत नाही.

दुसरी चाचणी: इक्वलायझर चालू ठेवून स्पीकरचा आवाज खूप कमी करा. कमी आवाजातही खरखर तशीच राहिली, तर लहर स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधीच छाटली जात आहे. कमी केल्यावर सूर स्वच्छ झाला, तर ताण स्पीकरवर किंवा अँप्लिफायरवर येत आहे.

दुरुस्ती कशी करावी?

प्रीअँपचा दांडा खाली आणा. १९९७ मध्ये आलेल्या विनअँपपासून आजच्या व्हीएलसीपर्यंत अनेक प्लेअरमध्ये इक्वलायझरच्या शेजारी हा दांडा असतो. तो सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करतो. सर्वांत उंच दांडा ६ डेसिबल वाढवला असेल, तर प्रीअँप किमान तेवढाच कमी करावा. शेजारशेजारचे अनेक दांडे वर असतील तर आणखी थोडा. सुरुवातीचा आकडा प्रत्येक प्लेअरमध्ये शून्यच असेल असे नाही. जिथे असेल तिथून खाली यावे. कमी झालेला आवाज मग स्पीकरच्या बटणाने वाढवावा.

वाढवण्याऐवजी कमी करा. सूर स्पष्ट हवा असेल तर वरचा दांडा चढवण्यापेक्षा घुमणारा खालचा दांडा ३-४ डेसिबल उतरवून पाहा. परिणाम बराचसा तोच मिळतो आणि काहीही छाटले जात नाही.

एकच इक्वलायझर ठेवा. प्लेअरमध्ये एक, विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये दुसरा, लॅपटॉप कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरा आणि ब्लूटूथ स्पीकरमध्ये चौथा ‘बेस बूस्ट’ असू शकतो. प्रत्येकाने थोडे वाढवले तरी एकूण वाढ मोठी होते. व्हीएलसीत आवाज १०० टक्क्यांच्या पुढेही नेता येतो. तो १०० च्या आतच ठेवावा.

मूळ फाइल जपा

गाणे ऐकताना फाटले तर नुकसान तात्पुरते असते. दांडे खाली आणले की सूर पूर्ववत होतो, कारण मूळ फाइलला धक्का लागलेला नसतो. धोका पुढच्या पायरीवर आहे. इक्वलायझर चालू ठेवूनच फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलली, किंवा स्पीकरसमोर मोबाइल धरून पुन्हा रेकॉर्ड केली, तर छाटलेली लहर त्या प्रतीत कायमची उतरते आणि पुढे व्हॉट्सअँपवरून तीच फिरत राहते. एखाद्या म्हाताऱ्या तारपकऱ्याचे वाजवणे एकदाच रेकॉर्ड झालेले असेल, तर पुढच्या पिढीच्या कानावर तो सूर खरखरीसकटच पडेल. म्हणून आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि मगच इक्वलायझरच्या दांड्यांना हात लावावा.