सात फटींची जीप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या चंद्रपुरात दुपारपासून दाराची कडी वाजू लागते. दारात नवे कपडे घातलेली पोरे आणि त्यांच्या हातातल्या दोरीला चार चाकांचा लाकडी बैल. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. बैलाला कुंकू लावायचे, पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा की वरात पुढच्या दाराकडे निघते. खरे बैल गोठ्यातून गेले, पण लाकडी बैल विदर्भातल्या घराघरात अजून टिकून आहेत.

दोन वर्षांपूर्वी शेजारचा सात वर्षांचा नातू असाच आला आणि बैल घेऊन थेट माझ्या टेबलाशी गेला. टेबलावर मी बनवलेली जीप होती, तळहातावर मावेल एवढी. त्याने ती बारकाईने पाहिली आणि विचारले, "आजोबा, ही चालते का?"

"नाही."

"मग कशाला बनवली?"

प्रश्न रास्त होता. त्याचा बैल निदान चालत तरी होता. मी चॉकलेट देऊन वेळ मारून नेली. बँकेत इतकी वर्षे काढली की अडचणीच्या प्रश्नाला तात्पुरते उत्तर देण्याची हातोटी येते. पक्के उत्तर मात्र तेव्हा माझ्याजवळ नव्हते. ते कसे मिळाले, ते आज सांगतो.

हा नाद मला निवृत्तीनंतर लागला. खोक्यात प्लॅस्टिकच्या दांड्यांना लटकलेले शेकडो सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि हुबेहूब पण छोटी मोटार उभी करायची. सारा खेळ प्रमाणाचा. मोटारींसाठी एकास चोवीस हे प्रमाण रुळलेले आहे, म्हणजे खऱ्या मोटारीचा एक फूट तो मॉडेलचा अर्धा इंच. लष्करी गाड्यांचे प्रमाण एकास पस्तीस. हा अवघड आकडा कुठून आला, त्याची गोष्ट मजेदार आहे. साठच्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने एक जर्मन रणगाडा बनवायला घेतला. आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. नंतर मोजले तर प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास निघाले आणि तेच जगभर चालू झाले. म्हणजे बॅटरीच्या सोयीसाठी ठरलेले माप पुढे शास्त्र होऊन बसले. सरकारी नियमांचे उगम शोधले तर यातलेच काही सापडेल.

ही तामिया कंपनी 1946 मध्ये शिझुओका शहरात सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यातून. आधी लाकडी मॉडेले आणि 1960 पासून प्लॅस्टिकची, असा तिचा प्रवास आहे. आम्ही चंद्रपूरकर लाकडाच्या बाबतीत कमी नाही. बल्लारपूरचे सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेले, तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. पण छोट्या वस्तू करण्याचे आमचे सारे कसब त्या लाकडी बैलापाशी येऊन थांबले. इंग्लंडच्या एअरफिक्स या नामवंत कंपनीने 1949 च्या सुमारास केलेले पहिले मॉडेल होते फर्ग्युसन ट्रॅक्टरचे. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दाखवावे म्हणून ते बनवले आणि पुढे सुट्या भागांत विकले. अमेरिकेतही नव्या मोटारींचे छोटे नमुने विक्रेत्यांसाठी तयार होत. त्यातूनच 1958 मध्ये एएमटी कंपनीचे मोटारींचे संच आले. म्हणजे या छंदाचा जन्म दुकानदारीतून झाला. मोटार विकत घेता येत नसेल तर तिचे मॉडेल घ्या, अशी ती सोय होती.

आता माझी काही मते सांगतो. दहा-बारा वर्षांत बोटे कापून घेऊन ती बनली आहेत.

पहिले मत असे की आमच्या भागात हा छंद दिवाळी ते होळी एवढाच करावा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा फवाऱ्यातला रंग मॉडेलवर पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पत्रा मोटारीचा न दिसता सँडपेपरचा दिसतो. पावसाळ्यात दमट हवेने चकचकीत रंगावर पांढुरका धूर चढतो. उरलेल्या दिवसांत कोळशाची धूळ आणि वीज केंद्राची राख आपल्या आधी ओल्या रंगावर येऊन बसते. त्यावर उपाय एकच, रंग दिला की वर पातेले पालथे घालावे. पातेले कोणते घ्यावे याबद्दल घरातील मंडळींशी आधीच बोलून ठेवावे.

दुसरे मत गोंदाबद्दल. मॉडेलचा खास गोंद प्लॅस्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून तो थेंबाथेंबाने वापरावा. काचेच्या जागी फेविक्विक कधीही लावू नये. त्याच्या वाफेने काचेवर कायमचे धुके बसते. तिथे आपला साधा फेविकॉल उत्तम. तो पांढरा लागतो आणि पारदर्शक होऊन वाळतो. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावेत. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

तिसरे मत धुळीबद्दल. आमच्या रस्त्यांवरची मोटार चकचकीत दिसली तर ती खोटी. सुरुवातीला मी हौसेने खरी माती चाळून मॉडेलवर टाकली आणि ती जीप दरड कोसळल्यासारखी दिसू लागली. कारण सोपे आहे. मातीचा कण काही प्रमाणात लहान होत नाही. एकास पस्तीसच्या जगात रेतीचा दाणा म्हणजे मोठा गोटा. शेवटी वाण्याकडचा गेरू वस्त्रगाळ करून कोरड्या कुंचल्याने लावला, तेव्हा कुठे आलापल्लीचा रस्ता चाकांना लागला. खऱ्याचा भास आणायला खरी वस्तू चालत नाही, हा धडा कादंबरी लिहिणाऱ्यालाही उपयोगी आहे.

चौथे मत, आणि यावर माझे समवयस्क छांदिष्ट माझ्याशी भांडतात. खोक्यावरच्या चित्राबरहुकूम मॉडेल बनवण्यात मला फारसा राम वाटत नाही. लाल फेरारी उत्तम जोडली तरी ती माझ्या ओळखीची होत नाही. आयुष्यात जिच्यात बसलो नाही, जिचे दार कसे वाजते ते माहीत नाही, तिच्यात चूक झाली तरी मला कळणार कशी? आपली गाडी बनवावी. अडचण अशी की आपल्या गाड्या संचात मिळत नाहीत. 1957 पासून 2014 पर्यंत बनत राहिलेली ॲम्बेसेडर खेळण्यांच्या दुकानात मागे ओढून सोडायची मिळते. सुटे भाग जोडून करायची मी तरी पाहिलेली नाही. परदेशी संच मागवावा तर जकातीचा आकडा अंगावर येतो. खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झाले आणि 2023 मध्ये सत्तर. साठी ओलांडलेल्या माणसाची मोटार कायद्याने खेळणेच ठरते, याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

म्हणून मी तामियाची युद्धकाळातील विलीज जीप घेतली आणि तिची आमच्या बँकेची जीप करायला बसलो. महिंद्राने 1947 नंतर मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथे उंच बॉनेटची जीप अनेक दशके बनत होती. आमची त्यातलीच. तिच्या आसांमधले अंतर ऐंशी इंच, युद्धातल्या जीपचेही तेवढेच, म्हणजे मॉडेलवर अठ्ठावन्न मिलिमीटर. तेवढे एक जुळले. बाकी सारे वेगळे. लष्करी जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असतात, आमच्या जीपला सात. नऊ बुजवून सात नव्या कोरल्या. बॉनेट उंच केले. दिवे जाळीच्या आतून बाहेर आणले. स्टिअरिंग डावीकडचे उजवीकडे नेले आणि त्यामागोमाग पेडलेही. मागची स्टेपनी काढून बाजूला टांगली. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत ती जीप मला जितकी दिसली, तितकी तिच्यात तीन वर्षे बसून दिसली नव्हती.

मग वाटले, नुसती जीप कशाला? तिचा तो दिवसही करावा.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांनी माझी तिकडे बदली झाली. 1987 च्या पावसाळ्यात भामरागडकडून आलापल्लीला परत येताना एका नाल्याला पूर आलेला होता. जीपमध्ये रोकड पेटी, बंदूकधारी पहारेकरी, ड्रायव्हर, एक रोजंदारी शिपाई आणि मी. मागे फिरावे तर मागचा नालाही भरलेला. अंधार पडायच्या आत पलीकडे जाणे भाग होते. पाणी किती आहे, हे कोणीतरी उतरून पाहायला हवे होते. काठी घेऊन एक माणूस छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेला, दगड कुठे आहेत ते पाहून आला, मग त्याच्या मागोमाग जीप तिरपी काढली. रोकड सुखरूप पोचली. वरच्या कार्यालयाकडून मला प्रशंसापत्र आले.

हा प्रसंग मी पुढे शेकडो वेळा सांगितला. घरी, निरोपसमारंभात, आणि नाव बदलून माझ्या एका कादंबरीतही. प्रत्येक वेळी पाण्यात उतरलेला माणूस मीच होतो.

मॉडेलमध्येही मीच उतरलो. एकास पस्तीसमध्ये साडेपाच फुटी माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. त्याला पांढरा शर्ट दिला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, हातात काठी दिली. गढूळ पाण्याचा रंग चांगला साधला. काम पुरे झाल्यावर आमचे त्या वेळचे ड्रायव्हरकाका बल्लारपूरला मुलाकडे असतात, त्यांना दाखवायला नेले. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर तीच.

त्यांनी जीप हातात घेतली. फटी मोजल्या. "सात. बराबर हाये." मग म्हणाले, "बंपर सरळ पायजे जी. वाकला तो मंग, अहेरीच्या घाटात... नाय, येटापल्लीले. या दिवशी सरळ होता." मी मनात नोंद केली. मग त्यांचे बोट पाण्यातल्या माणसावर आले.

"हा कोन जी?"

"मी."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग अगदी मृदूपणे म्हणाले, "साहेब, तुमी नोयते उतरले. तुमी पेटीवर बसून होते. पेटी सोडाले मनाई होती ना तुमाले. शिपाई उतरला होता. पोरगा होता बिचारा."

मी वाद घालायला तोंड उघडले आणि मिटले. कारण त्या क्षणी मला पेटीची कड मांडीला रुतलेली आठवली. तीस-पस्तीस वर्षे जे पाणी मी अंगावर मिरवले, ते माझ्या अंगाला लागलेलेच नव्हते. नियमाने मी पेटी सोडायची नव्हती, हे खरे. त्यात शरमेचे काही नाही. शरमेची गोष्ट निराळी आहे. प्रशंसापत्र आले तेव्हा त्यात शिपायाचे नाव नव्हते आणि ते नसल्याचे मी कुणाला कळवले नाही. दिवसाच्या मजुरीवरचा माणूस. पुढच्या वर्षी तो दिसेनासा झाला, तेव्हा चौकशीही केली नाही.

मी मुद्दाम खोटे बोललो होतो का? पहिल्या एक-दोन वेळा "आम्ही उतरलो" म्हणालो असेन. आमचे माझे केव्हा झाले, ते मलाही सांगता येणार नाही. गोष्ट सांगताना असे होते. कादंबरीत तर ते खपूनही जाते. मॉडेलमध्ये खपत नाही, कारण तिथे प्रत्येक माणसाला कुठेतरी उभे करावे लागते. पेटीवर कोण, पाण्यात कोण, याचे उत्तर गोंदाने चिकटवावे लागते. आणि ते चिकटवले की पाहणारा बोट ठेवून विचारू शकतो, हा कोण?

घरी आल्यावर मी पाण्यातल्या माणसाची विजार आणि शर्ट कानसून काढला. त्याला लंगोटीवजा धोतर आणि उघडे अंग दिले, रंग सावळा केला. माझा पांढरा शर्ट जीपमध्ये पेटीवर बसवला. तिथे तो कापडी छताखाली जवळजवळ दिसतच नाही. बंपरही सरळ केला. त्या शिपायाचे गाव ड्रायव्हरकाकांना आठवत होते. भामरागडच्या बाजूला मी दोनदा निरोप पाठवला आहे. एकदा उत्तर आले की तो माणूस नाही, मुलगा आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की भेटू म्हणाला. घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचे नाव इथे छापणे मला बरे वाटत नाही. प्रशंसापत्राची प्रत मात्र फायलीतून काढून ठेवली आहे. ती त्याच्या हाती देऊन काय म्हणायचे, ते अजून ठरलेले नाही.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला शेजारचा नातू पुन्हा आला. आता नऊ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी बैल धाकट्या बहिणीला द्यायचा म्हणतो. मी बैलाला कुंकू लावले. त्याने सवयीने टेबलाकडे पाहिले. जीप चालते का, हे या वेळी विचारले नाही. पाण्यातल्या माणसाकडे बोट करून म्हणाला, "आजोबा, हा कोण?"

मी त्याला नाव सांगितले, आडनावासकट.