‘गिअर टाकणे’ आणि ‘गिअर पडणे’ : स्वयंचलित डिझेल पिकअपच्या गिअरबॉक्सचे आयुर्मान

हाताने गिअर बदलणारा मराठी चालक ‘तिसरा टाकला’ असे म्हणतो. स्वयंचलित गाडी चालविणारा ‘तिसरा पडला’ असे म्हणतो. ‘टाकणे’ हे सकर्मक क्रियापद असून त्याला कर्ता लागतो. ‘पडणे’ हे अकर्मक असून त्यात गिअरच कर्ता होतो, चालकास वाव नाही. क्लचचे पेडल गाडीतून नाहीसे झाले त्याबरोबर वाक्यातील चालकही नाहीसा झाला, असे या भेदाचे स्थूलमानाने वर्णन करता येईल. व्याकरणदृष्ट्या या बदलात काहीच वावगे नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो अर्धसत्य आहे. गिअर केव्हा पडावा हे पुष्कळ अंशी चालकाच्या पायाच्या दाबावरच ठरते, आणि हे ध्यानी न आल्यामुळे अनेक गिअरबॉक्स अकाली निकामी होतात. दुरुस्तीचा खर्चही असा असतो की, लहान व्यावसायिकास तो सहजासहजी पेलवत नाही.

पुण्यात हा प्रश्न तसा नवा आहे. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून १९८८ साली टाटामोबाइल ही पिकअप बाहेर पडली, ती हातगिअरची होती. सासवडची अंजिरे व सीताफळे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणणाऱ्या पिकअप आजही बहुतांशी हातगिअरच्याच आहेत. स्वयंचलित डिझेल पिकअप भारतीय खरेदीदारास सुलभ झाली ती अलीकडे : इसुझूची व्ही-क्रॉस २०१९ मध्ये, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. साहजिकच तिच्या चक्रामागे बसणाऱ्या माणसाच्या हातापायांना वळण असते ते जुन्या यंत्राचे. (ज्या शब्दाने वाहनाचा बोध होतो त्याच ‘पिकअप’ शब्दाने मराठीत वेग घेण्याची क्षमताही सांगितली जाते, ‘गाडीला पिकअप नाही’ ही तक्रार गॅरेजमध्ये नित्य ऐकू येते. बिघडत्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे पहिले लक्षण पुष्कळदा याच शब्दांत प्रकट होते.)

या गिअरबॉक्सचे मर्म टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. त्याचे मूळ तत्त्व हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी सिद्ध केले. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल दुसऱ्यावर फेकतो. त्या माऱ्याने दुसरा फिरू लागतो व चाकांकडे शक्ती जाते. दोहोंच्या मध्ये परतणाऱ्या तेलाला वळण देणारा तिसरा, लहान पंखा असल्यामुळे गाडी हलण्याच्या क्षणी इंजिनाचा पीळ, म्हणजेच टॉर्क, सुमारे दुपटीपर्यंत वाढू शकतो. परंतु दोन पंख्यांच्या गतींत जेवढी तफावत, तेवढी शक्ती तेल घुसळण्यात खर्च होऊन तिची उष्णता बनते. वेग आला की आतील लॉकअप क्लच दोन्ही भाग एकमेकांशी जखडतो आणि ही घुसळण थांबते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच मोठा पीळ देते, म्हणून येथे भार अधिक. हायलक्सच्या हातगिअरच्या प्रतीत इंजिनाचा पीळ ४२० न्यूटन-मीटर आहे, तर स्वयंचलित प्रतीत तो ५०० आहे.

गिअरबॉक्सचे आयुष्य म्हणजे वस्तुतः त्यातील तेलाचे आयुष्य. हे तेल शक्ती वाहून नेते, आपल्या दाबाने क्लच आवळते, दंतचक्रांना वंगण पुरविते आणि उष्णताही बाहेर नेते. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस या मर्यादेत ते सुखाने काम करते. त्यापुढे दर दहा अंशांच्या वाढीस ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. तेल काळपट झाले, त्याला करपट वास आला, की क्लचप्लेटीवरील घर्षणाचा थर घसरू लागतो. घसरण्याने पुन्हा उष्णता वाढते.

आता जुन्या सवयींकडे वळावे. चढावर रांगेत थांबताना हातगिअरचा चालक ‘हाफ क्लच’वर गाडी तोलून धरतो. स्वयंचलित गाडीत तोच चालक ॲक्सिलरेटर किंचित दाबून तोलतो. चाके स्थिर आणि इंजिन जोरात, ही तेल तापविण्याची सर्वांत खात्रीची रीत होय. तेथे ब्रेकच धरावा. दुसरी सवय उताराची. दिवे घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे आजही आढळतात. आधुनिक डिझेल इंजिनात गिअर असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचतही होत नाही. उलट वेगात पुन्हा ‘डी’ घातल्यास त्या धक्क्याचा सारा भार क्लचप्लेटींवर येतो. घाट चढताना वा उतरताना हाताने खालचा गिअर निवडावा. चढावर त्यामुळे चौथ्या-पाचव्यातील चलबिचल थांबते व लॉकअप टिकतो. उतारावर इंजिन गाडीला आवरून धरते. येथे ‘टाकणे’ हेच क्रियापद पुन्हा यथार्थ ठरते.

सिग्नलवर दर वेळी न्यूट्रल करण्याचा आग्रह मात्र अनाठायी वाटतो. मिनिटभराच्या थांब्यासाठी ‘डी’ व ब्रेक पुरेत; वारंवार गिअर काढण्याघालण्यानेही झीज होतेच. मागे-पुढे करताना गाडी पूर्ण थांबल्यावाचून दिशा बदलू नये. उतारावर उभी करताना आधी हातब्रेक ओढावा, गाडी त्यावर विसावू द्यावी व मग ‘पी’ घालावा, अन्यथा सारे ओझे आतील एका लहान खिटीवर लटकते.

शब्दाने घडविलेला दुसरा भ्रम ‘लाइफटाइम’ तेलाचा. हे आयुष्य कोणाचे, तेलाचे, गिअरबॉक्सचे की हमीच्या मुदतीचे, हे तो शब्द सांगत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असल्यास तीच पाळावी. भार, घाट, धूळ आणि शहरातील कोंडी हा पुण्याचा वापर खडतरच आहे. तळाचा बोल्ट काढला तरी कन्व्हर्टरमधील बरेच तेल आतच राहते, म्हणून एका बदलाने सर्व तेल नवे होते असे मानू नये. तेल पुस्तिकेतील प्रतीचेच हवे, कारण क्लचप्लेटींची पकड त्यातील रसायनांशी जुळविलेली असते. पातळीही नेमून दिलेल्या तापमानावरच पाहावी. कमी तेलाने दाब पडतो, जास्त झाल्यास फेस होतो. तेल थंड करणारी जाळी चिखलाने व किड्यांनी बुजते, ती पावसाळ्यानंतर धुऊन घ्यावी.

बंद पडलेली गाडी दोराने ओढून गॅरेजला नेण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. हातगिअरच्या गाडीस ती बहुधा सोसते. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता मागील चाके फिरत राहिली, तर आतील भाग वंगणावाचून फिरतात. अशी गाडी सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावी लागते.