खाजरी वनस्पती : छायाचित्रावरून ओळख

पावसाळी सहलीत एखाद्या मुलाची पोटरी झुडपाला घासते. आग होते, गांधी उठतात. मग एका पानाचे छायाचित्र आमच्याकडे येते आणि सोबत प्रश्न असतो : 'ही खाजकुहिलीच ना?' एवढ्यावरून उत्तर देणे बहुधा शक्य नसते. असे का?

खाज आणणाऱ्या सगळ्या वनस्पती एका कुळातील नाहीत. खाजकुहिली हा शेंगा येणारा वेल आहे. त्याच्या पानाला तीन पर्णिका असतात आणि खाजरी लव शेंगांवर असते. ही लव सुटून अंगाला व कपड्यांना चिकटते. म्हणून चोळू नये, चिकटपट्टीने उचलावी आणि कपडे बदलावेत. खाजकोलती (ट्रॅजिया) हाही वेलच, पण एरंडाच्या कुळातला. त्याचे फळ एरंडासारखे तीन कप्प्यांचे असते.

इंग्रजीत जिला 'नेटल' म्हणतात, तिचे कूळ अर्टिकेसी. तिचा केस म्हणजे एक बारीक नळी असते. नळीचे टोक सिलिकामुळे काचेसारखे ठिसूळ असते. स्पर्श होताच ते तुटते आणि इंजेक्शनच्या सुईप्रमाणे हिस्टामीन, ॲसिटिलकोलीन यांसारखी द्रव्ये त्वचेत शिरतात.

आता ओळखीचा मुद्दा. दातेरी कडांची, टोकदार पाने कितीतरी वनस्पतींना असतात. आपल्या अंगणातली निरुपद्रवी खोकलीसुद्धा एका पानावरून फसवू शकते. म्हणून पानापेक्षा पेर पाहावे. युरोपात आणि हिमालयात आढळणाऱ्या 'अर्टिका डायोइका'ची पाने पेरावर समोरासमोर असतात. इंग्रजी पुस्तकांत चित्र बहुधा तिचेच असते. सह्याद्रीतील खाजोटीची (जिरार्डिनिया) पाने मात्र एकाआड एक येतात. ती खोलवर विभागलेली असून त्यांवरचे लांब केस नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लापोर्टिया इंटरप्टाची पानेही एकाआड एक असतात, पण अखंड. तिच्या लांब तुऱ्यावर फुलांचे झुबके अंतराअंतराने येतात. नावातील 'इंटरप्टा', म्हणजे खंडित, हा शब्द त्यावरूनच आला. पाने समोरासमोर, खोड चौकोनी आणि फुले ओठांसारखी असतील, तर ती तुळशीच्या कुळातील वनस्पती असण्याचा संभव अधिक.

तेव्हा वनस्पती न तोडता चार छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण झाड, पेराजवळचा भाग, शेजारी पट्टी धरून पानाची मागची बाजू, आणि फुले किंवा फळे. पान उलटताना काडी वापरावी. स्थळ व तारीख लिहून ठेवावी. फुले नसतील, तर पुन्हा महिन्याभराने त्याच जागी जावे.

इतके करूनही कधी कधी कुळापर्यंतच पोचता येते. अशा वेळी वर्गात 'कूळ कळले, जाती कळली नाही' असे स्पष्ट सांगावे. घाईने चिकटवलेले नाव विद्यार्थी वर्षानुवर्षे खरे मानून चालतात. जेवढे दिसले तेवढेच म्हणावे, ही सवय त्यांना लागली तर ती एका नावापेक्षा अधिक मोलाची आहे.